अंगणासकट घर

उपनगरातल्या घराची जाहिरात सगळ्यांना पाठ असते: स्टेशन पाच मिनिटांवर, बाजार हाकेच्या अंतरावर, चोवीस तास पाणी. मोखाडा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या घराची जाहिरात लिहायची म्हटली, तर पहिल्याच ओळीला पंचाईत. तालुक्यात रेल्वेच नाही. खोडाळ्याहून विहीगावमार्गे डोंगर उतरावा, तेव्हा कसारा येतं. तहसील आणि ग्रामीण रुग्णालय मोखाड्याला. दुखणं वाढलं तर जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि तिथूनही पुढे धाडलं तर नाशिक.

करमणुकीच्या रकान्यात मात्र लिहायला भरपूर आहे. मोखाड्याचा बोहाडा रात्र रात्र चालतो. देवांचे, दैत्यांचे मुखवटे चढवून वाद्यांच्या ठेक्यावर सोंगं नाचत येतात, आणि गावातला रस्ता हाच रंगमंच होतो. कुठलं सोंग कुठल्या घराण्यानं आणायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. घरासमोरचा ओटा ज्याचा, त्याची पहिली रांग.

तो ओटा, पुढची पडवी आणि सारवलेलं अंगण मोजल्याशिवाय इथलं घर मोजलंच जात नाही. आतल्या भिंती कारवीच्या. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून वाळते. तिच्या काठ्या उभ्या दाटून कूड बांधायचा, त्यावर शेणमाती लिंपायची. भिंतीजवळ गेलं की लिंपणाऱ्या हाताची बोटं अर्धगोलात उमटलेली दिसतात. वर माळ्यावर नागली-वरईचं बियाणं. चुलीचा धूर तिथून फिरत कौलांच्या फटींतून बाहेर पडतो, त्यामुळे बियाण्याला कीड लागत नाही. बियाणं वाचतं हे खरं, पण चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी त्याची किंमत मोजलेली असते. धुराचं कौतुक करणाऱ्यांनी हेही पाहावं.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. पक्की भिंत पावसात ढासळत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण नागली झोडायची कुठे, वाळवण घालायचं कुठे, आल्यागेल्यानं टेकायचं कुठे? मग पक्क्या खोलीपुढे पुन्हा कारवीची पडवी उभी राहते. कागदावर ती नसते, आणि दिवस सगळा तिथेच जातो.

याच तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, सुमारे १०२ मीटर उंच. मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी ते बांधलं. उन्हाळ्यात तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना टँकर लागतो. टँकर विहिरीत रिकामा होतो, मग दोर सोडून ते पाणी पुन्हा शेंदायचं. दिवाळीनंतर पुष्कळ घरांना कुलूप लागतं. माणसं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उपनगरांचं पाणी इथलं, विटा थापणारे हातही इथलेच.

पावसाच्या तोंडावर माणसं परततात. राब भाजायचा असतो, घर शाकारायचं असतं. कौलं फेरायला शेजारपाजार येतो. त्याची मजुरी नसते. उद्या त्यांच्या घरावर आपण चढायचं. दुपारी भात आणि उडदाची आमटी. मध्येच पावसानं गाठलं आणि अर्धं छप्पर उघडं राहिलं, तर पोराबाळांसकट रात्र शेजारच्या पडवीत.