‘कोरी’ म्हणून टाकलेली डिस्क

जुनी चित्रणं नव्या माध्यमावर आणून देणं हा माझा व्यवसाय. ‘तांत्रिक होऊ देऊ नका’ असं संपादकांनी बजावलंय. पण नेमक्या काही तांत्रिक गोष्टी ठाऊक नसल्यामुळेच घरोघरची चित्रणं कचऱ्यात जातात, तेव्हा त्या सांगाव्याच लागतील.

या उन्हाळ्यात एक बाई वडिलांच्या कीर्तनाची डीव्हीडी घेऊन आल्या. घरच्या रेकॉर्डरवर केलेलं चित्रण. कॉम्प्युटरला डिस्क कोरी दिसत होती आणि एका दुकानदाराने ‘यात काही नाही’ म्हणून ती परत केली होती. मी ती उजेडात तिरकी धरली. मधल्या भोकाजवळून निम्म्याहून पुढपर्यंत गडद कडं होतं. त्याच्या बाहेर फिकट जांभळा, न वापरलेला भाग. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि लेझरने रंगद्रव्य भाजलं की छटा बदलते. म्हणजे चित्रण होतं! फक्त शेवटी ‘फायनलाइझ’ करायचं राहून गेलं होतं. त्या पायरीत डिस्कवर सूची आणि समाप्तीची खूण लिहिली जाते. ती नसेल तर बरेचसे प्लेअर आणि कॉम्प्युटर डिस्क ओळखतच नाहीत. कच्चा डेटा वाचणाऱ्या एका जुन्या ड्राइव्हवर कीर्तन मिळालं. पण अशाच आणखी दोन डिस्क बाईंनी त्या दुकानदाराच्या शब्दावर आधीच टाकून दिल्या होत्या. ते अजून मनातून जात नाही.

दुसरा गैरसमज ओरखड्यांचा. लोक सीडीची चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजूवर खुशाल बॉलपेनने नाव लिहितात. लेझर 1.2 मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटमधून आत जातो, त्यामुळे खालचे बारीक ओरखडे त्याच्या फोकसमध्ये येतच नाहीत. शिवाय रीड-सॉलोमन सांकेतिक पद्धतीमुळे ट्रॅकवरचे सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे सलग 4000 बिट गेले तरी ते भरून काढता येतात. धातूचा थर मात्र छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे खरवडलं की माहितीच निघून येते. डीव्हीडीत तो थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे सुरक्षित असतो; पण घरी लिहिलेल्या डीव्हीडीतलं रंगद्रव्य उन्हाने मरतं.

आता ज्यावरून व्यवसायातल्या मंडळींशी माझं कायम वाजतं, तो मुद्दा. आपल्याकडच्या डीव्हीडीवर 720 बाय 576 बिंदूंची, सेकंदाला 25 चित्रं असतात असं सांगतात. ते अर्धंच खरं. त्या काळच्या बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांनी एकदा विषम ओळी टिपल्या आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने सम ओळी. म्हणजे सेकंदाला हालचालीचे 50 क्षण. घाईत रूपांतर करणारे हे दोन क्षण एकाच चित्रात कोंबतात, मग हलत्या हाताला फणीसारखे दात येतात. नाहीतर अर्ध्या ओळी सरळ फेकून देतात. फाइल आटोपशीर होते, गिऱ्हाईक खूश. कीर्तनकार बुवांच्या हातातली चिपळी मी दोन्ही प्रकारे पाहिली: फेकाफेकी केलेल्या फाइलमध्ये ती एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारते, 50 चित्रं नीट वेगळी केली की बोटं खरोखर वाजवताना दिसतात. हे पन्नास क्षण मुळात टिपलेले आहेत, ते टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि हल्ली सगळ्यांना ‘एचडी’ हवं असतं. सॉफ्टवेअर चेहऱ्याला पापण्या काढून देतं, सुरकुत्या पुसतं. डिस्कवर नसलेला तपशील ते अंदाजाने रंगवतं. तो चेहरा तुमच्या वडिलांचा नसतो. मी ते काम घेत नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी.

माळ्यावरच्या डिस्क कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगण्याआधी एकदा उजेडात तिरक्या धरून पाहा. कडं दिसलं तर कोण काय म्हणालं ते सोडून द्या. आधी डिस्कची जशीच्या तशी आयएसओ प्रत करून घ्या, ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि मोबाइलवर पाहायची एमपीफोर फाइल त्यानंतर करा. मूळ डिस्क तेव्हाही टाकू नका.