ह्रस्व की दीर्घ?

शुद्धलेखन म्हटले की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. आमच्या कंधारकडच्या बोलण्यात ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच. आजोबा तर १९४८ पूर्वी, निजामी राजवटीत, उर्दूतून शिकलेले. उर्दूत ह्रस्व स्वरांच्या खुणा बहुधा गाळतात. त्यामुळे मराठी वेलांटीचे हे चोचले त्यांना अखेरपर्यंत मानवले नाहीत.

मराठीचा पेपर म्हटला की ताप भरणारी माझी धाकटी बहीण मात्र आता मोबाईलवर शुद्धलेखनाचा खेळ मांडून बसते. दोन शब्द येतात, एकावर बोट ठेवायचे. बरोबर तर हिरवा, चूक तर लाल. दहादा चुकले तरी वर्गासारखे कोणी हसत नाही. बुजरी पोर त्याने धीट झाली, एवढे श्रेय खेळाला दिलेच पाहिजे.

एकदा तिने विचारले, “दादा, ‘गरीब’चे ‘गरिबाला’, मग ‘शरीर’चे ‘शरिराला’ का नाही?” खेळाने लाल रंग दाखवला, कारण सांगितले नाही. ते साहित्य महामंडळाच्या नियमांत आहे. १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४. ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणून त्याची वेलांटी दीर्घच राहते. मग तिनेच मूल–मुलाला, रूप–रूपाला अशा जोड्या लिहून काढल्या.

स्वल्पविरामापुढे खेळाचे काही चालत नाही. ‘जाऊ नको, थांबू’ आणि ‘जाऊ, नको थांबू’, दोन्ही शुद्धच! रात्री आम्ही अशी वाक्ये एकमेकांना वाचून दाखवतो. निवाडा आजीचा. तिला अक्षरओळख नाही, पण आम्ही कोठे थांबलो ते बरोबर कळते.