तारेची बस

अब्बांच्या तोंडी माझगाव गोदीचा विषय निघाला की "तारेची बस" येणारच. मुंबईत ती १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद पडली. आम्हा भावंडांना ती कधी पाहायला मिळाली नाही. गेल्या उन्हाळी सुट्टीत आपाकडे जर्मनीला गेले आणि झोलिंगेन शहरात ती माझ्यासमोर येऊन थांबली.

झोलिंगेन हे चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेलं, चढउतारांचं गाव. इथे १९५२ पासून ट्रॉलीबस धावतात. छपरावरच्या दोन दांड्या वरच्या दोन तारांना टेकलेल्या असतात. आम्ही ६९५ क्रमांकाच्या बसमध्ये बसलो. दुल्हाभाई म्हणाले, "आता वर बघा." तारा संपल्या, दांड्या खाली आल्या, आणि बस मात्र तशीच पुढे निघाली!

या मार्गावर पूर्वी डिझेलची बस होती. आताची बस तारेखाली असताना तारेवर चालते आणि चालता चालता बॅटरीही भरून घेते. पुढचा बिनतारेचा रस्ता त्या बॅटरीवर कापते. चार्जिंगसाठी तासन् तास उभं राहणं नको. उतारावर ब्रेक लावला की मोटरच वीज तयार करते. ती बॅटरीत जाते, नाहीतर तारेतून चढावरच्या दुसऱ्या बसला मिळते.

तारांना वीज पुरवणारी केंद्रं गर्दीच्या वेळेच्या हिशेबाने बांधलेली असतात. इतर वेळी त्यांची बरीच ताकद पडून राहते. मग तीच वीज रस्त्याकडेच्या मोटारींना का देऊ नये, असा विचार युरोपात चालू आहे. माद्रिदमध्ये मेट्रोच्या ब्रेकमधून मिळणाऱ्या विजेवर मोटारी चार्ज करण्याचा प्रयोगही झाला. अट एवढीच, की बसला वीज कमी पडू द्यायची नाही. आधी सर्वांची गाडी, मग एकट्याची.

संध्याकाळी अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ बस बघत राहिले. मग विचारलं, "दांडी निसटली तर खाली कोण उतरतं?"

"कोणी नाही, अब्बा. बॅटरीवर पुढे जाते."

"आपण तारा काढायची घाई केली, बेटा," ते म्हणाले.

त्या काळी अशा बॅटऱ्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यांना खोडून काढलं नाही. आज मुंबईत विजेच्या बसगाड्या चार्जिंगसाठी डेपोत उभ्या दिसतात, तेव्हा अब्बांचं ते वाक्य आठवतं.