शेऱ्याचा रकाना

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका बोकडाच्या खुरातल्या अळ्या काढत होतो. ‘भामरागडसारख्या ठिकाणी इतकी वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून काढलीत, काहीतरी थरारक लिहा,’ ते म्हणाले. वाघ, अस्वल, पूर, जमल्यास थोडा नक्षलवाद. मी म्हटलं, मेलेल्या कुत्र्यांवर लिहितो. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग, ‘चालेल, पण फार रडवू नका.’

रडवण्याचा प्रश्न नाही. आमच्या नोंदवहीत मालकाचं नाव, गाव, जनावर, लक्षणं, उपचार असे रकाने असतात आणि सगळ्यात शेवटी बोटभर रुंदीचा ‘शेरा’. कुत्रा मेला की मालक दोन-चार दिवसांनी काहीतरी निमित्त काढून येतो. कोंबड्यांचं औषध द्या म्हणतो, आणि टेबलाला टेकून कुत्र्याचं बोलत बसतो. ते मी शेऱ्यात लिहून ठेवतो. ‘एसटीचा हॉर्न ओळखायचा, ट्रकला उठायचा नाही.’ ‘सून माहेरी गेली की जेवत नसे.’ ‘चपला न्यायचा, पण फक्त डाव्या.’ तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हे वाचून भुवया उंचावल्या होत्या. वैद्यकीयदृष्ट्या निरुपयोगी माहिती, हे मलाही कळतं.

आता थोडं तांत्रिक. वाचक कंटाळतील, म्हणून थोडंच.

या भागात घरची कुत्री तीन प्रकारे जातात: बिबट्या उचलतो, पिसाळतात किंवा डिस्टेंपरने मरतात. बिबट्याचं सोपं असतं, त्यात डॉक्टरचं काम नाही. इथून जवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात बिबटे पाहायला लांबून माणसं येतात. विलास मनोहरांनी ‘नेगल’ नावाच्या बिबट्यावर पुस्तकच लिहिलं. बिबट्याने नेलेल्या कुत्र्यावर कोण लिहिणार? असो.

माझं भांडण आहे ते उरलेल्या दोघांच्या गल्लतीशी. डिस्टेंपरचा विषाणू माणसाच्या गोवराचा आणि गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाली. आमच्या पेशाने मिरवावी अशी गोष्ट आहे, पण मिरवायला कुणी बोलावत नाही. डिस्टेंपर मात्र आहे तिथेच आहे. आधी ताप, डोळ्यांना चिपडं, नाकाला शेंबूड, मग हगवण. पंजाच्या गाद्या वाळलेल्या भाकरीसारख्या कडक होतात. कुत्रं बरं झालंसं वाटतं आणि दोन-तीन आठवड्यांनी विषाणू मेंदूत उतरतो. जबडा चावल्यासारखा हलतो, तोंडाला फेस येतो, एखादा पाय ठेक्यात उडत राहतो; झोपेतसुद्धा उडतो. आता हे पाहून गाव काय म्हणणार? पिसाळला. आणि कुऱ्हाड घेणार.

उलटंही होतं, ते जास्त वाईट. रेबीज म्हणजे सैरावैरा धावून चावत सुटणारं कुत्रं, असंच लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण रेबीजचा एक मुका प्रकार असतो. कुत्रं कोपऱ्यात बसून राहतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. ‘डॉक्टर, गळ्यात हाड अटकलं जी,’ म्हणून घेऊन येतात, आणि आणण्याआधी घरातल्या कुणीतरी तोंडात हात घालून हाड शोधलेलं असतं. त्या हाताला मी तिथल्या तिथे पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी लावायला लावतो आणि लस घ्यायला पिटाळतो. हसतात. कुत्रं तर चावलंच नाही, म्हणतात. लाळ चावण्याची वाट पाहत नाही, हातावरची एक खरचट तिला पुरते.

दुसरं ब्रह्मवाक्य: गावठी कुत्र्याला काही होत नाही. अहो, जगलेलीच तुम्हाला दिसतात. बाकीची पिल्लं पहिल्याच पावसाळ्यात मातीत गेलेली असतात. डिस्टेंपरची लस आहे, पण तिचीही भानगड आहे. आईच्या चिकातून पिल्लाला जी ताकद मिळते तीच लसीला मारून टाकते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. लस दोन ते आठ अंश थंडीत राहिली पाहिजे. इथे पावसाळ्यात वीज जाते, पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढतं आणि आलापल्लीकडून येणारा बर्फाचा डबा वाटेतच कोमट होतो. आणि सहा आठवड्यांचं पिल्लू घेऊन दवाखान्यात येतं कोण? तरी हा नुसता कुत्र्यांचा प्रश्न नाही. सेरेंगेटीत १९९४ साली एक तृतीयांश सिंह याच आजाराने गेले. गीरमध्ये २०१८ साली वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. सिंह मेले की बातमी होते.

मी थोडंच सांगणार होतो.

कुत्र्याची आठवण ठेवण्याबाबत आपण मराठी माणसं मागे नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीचा वाद २०२५ साली पुन्हा पेटला. त्यात मी पडत नाही, तो इतिहासकारांचा प्रांत. माझा लाडका पुरावा जर्मनीतला आहे. बॉनजवळ ओबरकॅसलला १९१४ साली खाणकामगारांना एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि सोबत एका प्राण्याची हाडं. जबडा लांडग्याचा समजून कित्येक वर्षं पडून होता. तो कुत्र्याचा निघाला, जवळजवळ चौदा हजार वर्षांपूर्वीच्या पिल्लाचा. २०१८ साली एका पशुवैद्याने (पशुवैद्यानेच, हे मुद्दाम सांगतो) त्याचे दात तपासले. दातांच्या लुकणावर आजारपणाचे ओरखडे होते. बहुधा डिस्टेंपर. साधारण पाचव्या महिन्यात आजारी पडलं, सातव्याच्या आसपास गेलं. मधले आठवडे ते स्वतःहून जगणं शक्य नव्हतं. म्हणजे कुणीतरी त्याला पाणी पाजत होतं, घाण पुसत होतं, ऊब देत होतं. शिकारीला निरुपयोगी, राखणीला निरुपयोगी असं ते पिल्लू.

हे वाचलं त्या रात्री मला आमचा मोत्या आठवला. मी चौथीत होतो. मोत्या शाळेच्या फाटकापर्यंत यायचा आणि प्रार्थना संपली की घरी जायचा. ‘जन गण मन’ त्याला पुरतं पाठ होतं, असं आई म्हणायची. एका पावसाळ्यात त्याला झटके यायला लागले. जबडा कडकड वाजायचा. बाबा म्हणाले, शेजाऱ्याने विष घातलं. बांधावरून भांडण होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मोत्या गेला आणि मी त्या काकांशी बोलणं टाकलं. पुढे नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात वर्गात सर डिस्टेंपरच्या झटक्यांचं वर्णन करत होते. मी लिहिता लिहिता थांबलो. महिनाभर आधी मोत्याचे डोळे चिपडाने चिकटायचे, आजी बोळ्याने पुसायची, हे मला तेव्हा आठवलं. सुट्टीत घरी गेलो तर काका वारले होते.

तेव्हापासून निदान सांगताना मी फार जपून बोलतो. या जपून बोलण्याचंच पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

मागल्या पावसाळ्यात एका माडिया वस्तीतून आश्रमशाळेतल्या पोराचा फोन आला. मोटारसायकलने निम्मं, पुढे चिखलातून पायी गेलो. लाल रंगाचा, चारेक वर्षांचा कुत्रा, नाव लाल्या. जबडा हलत होता, फेस होता, मागचा डावा पाय ठेक्यात उडत होता. त्याच वाडीत आदल्या महिन्यात तीन पिल्लं चिपडं येऊन मेलेली. लाल्याच्या पंजाची गादी मी हातमोज्यातून दाबली: कडक. पण त्याने घरच्या नातीच्या खरचटलेल्या गुडघ्याला चाटलं होतं. मी म्हटलं, बहुतेक डिस्टेंपर आहे, पण खात्री देता येत नाही. पोरीला लस द्याच. याला लांब बांधा, दहा दिवस पाहू. रेबीज असेल तर त्या आतच मरेल.

‘बहुतेक’ हा शब्द माडियात सांगताना दुभाष्या पोराची पंचाईत झाली. त्याने काय सांगितलं कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी नाला भरला, मला जाता आलं नाही. चौथ्या दिवशी वस्तीने ठरवलं. पोरीचे आजोबा म्हणाले, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मोहाच्या झाडाखाली त्यांनी स्वतःच कुऱ्हाड चालवली. डोकं तपासणीला पाठवायला हवं होतं, पण पूल बुडालेला आणि लाल्या पुरलेला. आता कधीच कळणार नाही. मी ठामपणे डिस्टेंपर म्हटलं असतं तर तो आपल्या मरणाने गेला असता. आणि रेबीज निघाला असता तर? रात्री हा हिशोब मी दोन्ही बाजूंनी मांडतो, जुळत नाही. पोरगी ठणठणीत आहे.

एप्रिलमध्ये आजोबा बकरी घेऊन आले. बकरीला फारसं काही झालं नव्हतं. टेबलाला टेकून बोलत राहिले. मोहफुलं पहाटेच्या अंधारात गळतात, आधी पोचलं नाही तर हरणं आणि गुरं खाऊन टाकतात. म्हणून आजी तीन वाजता टोपली घेऊन निघायची आणि लाल्या पुढे. मोहाच्या वासाला अस्वलंही येतात. लाल्या झाडाखाली एक फेरी मारायचा, मग आजीकडे पाठ करून अंधाराकडे तोंड करून बसायचा. तो बसला की आजी वेचायला वाकायची.

त्या दिवशी वहीत बकरीच्या ओळीत शेरा लिहिला: ‘या वर्षी उजाडल्यावर जातात. टोपली अर्धीच भरते.’