दादाच्या दारूत तुझा दोष नाही

पुणे

सौ. वहिनीस,


परवाच्या बारशाला तू आली नाहीस. दादाला ताप आहे असं आईने सगळ्यांना सांगितलं. तो कसला ताप ते मला कळलं, कारण आमच्या घरीही कितीतरी वर्षं हाच ताप येत होता. यांच्या ऑफिसात मीच फोन करून सांगायची.

आई तुला काय ऐकवते तेही मला ठाऊक आहे. बायको धड असती तर नवरा बाटलीकडे वळला नसता, हेच ना? मग आज तुला एक गोष्ट सांगते, जी या घराने तुला कधी सांगितली नाही. दादा लग्नाच्या आधीपासून पितो. कॉलेजात असताना गॅदरिंगच्या रात्री आबांनी त्याला रिक्षात घालून घरी आणलं होतं. लग्न झालं की सुधारेल म्हणून घाईने स्थळं बघितली. तू या घरात पाऊल टाकलंस तेव्हा ते दुखणं आधीच घरात होतं.

दुखणंच म्हणते मी. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ मध्येच दारूच्या व्यसनाला आजार म्हणून मान्यता दिली. मधुमेह झाला तर आपण बायकोला जाब विचारत नाही. दारूच्या बाबतीत मात्र सगळे आधी तिच्याकडेच बघतात, आणि हळूहळू ती स्वतःही स्वतःकडे तसंच बघायला लागते.

मी ज्या गटात जाते तो अल-अ‍ॅनॉनचा, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा. त्याची सुरुवात कशी झाली ते ऐक. १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. व्यवहार फिसकटला आणि दारूची जबर ओढ लागली. त्याला एक अनुभव होता: दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं की आपली ओढ ओसरते. म्हणून त्याने फोन करकरून असा माणूस शोधला. सापडले ते डॉक्टर बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारे. पाव तास बसू म्हणून भेटलेले दोघे काही तास बोलत बसले. बिलने उपदेश केला नाही, फक्त आपली हकीकत सांगितली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली ती या बोलण्यातून.

पुढे नवरे आत सभेला बसायचे आणि बायका बाहेर थांबायच्या, कुणी स्वयंपाकघरात कॉफी करत. तिथे त्यांचं आपापसात बोलणं सुरू झालं, आणि सांभाळायला आपल्यालाही कुणीतरी हवं हे त्यांना कळलं. १९५१ मध्ये बिलची बायको लोइस हिने एका मैत्रिणीबरोबर बायकांच्या अशा गटांना एकत्र आणलं, तेच अल-अ‍ॅनॉन. आपल्या पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे.

आमची सभा एका शाळेच्या वर्गात भरते. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. एक जण बोलते, बाकीच्या ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं, म्हणून इतर बायकांचं काही लिहीत नाही. माझं सांगते.

एका पावसाळी रात्री मी दाराची कडी काढली नाही. मुलं घाबरून कोपऱ्यात बसली होती. हे बराच वेळ दार वाजवत राहिले, मग निघून गेले. पहाटे रस्त्याकडेच्या चरात सापडले, खुबा मोडलेला. आजही हे जिना चढायला लागले की मला त्या कडीचा आवाज ऐकू येतो. सासरी, माहेरी, डॉक्टरांकडे, मी सगळीकडे 'अंधारात पाय घसरला' असंच सांगितलं. गटातही कितीतरी दिवस नुसती बसून असायची. मग एकदा बोलले. कुणी 'अगं बाई' म्हणालं नाही, कुणी माझी बाजू घेतली नाही. समोरच्या दोघींनी फक्त मान हलवली. त्यांनी कड्या लावल्या होत्या की अजून काही केलं होतं, मी विचारलं नाही. पण त्यांना मी दोष देऊ शकले नाही, आणि मग जो न्याय त्यांना तोच मला लावावा लागला. एकटीने घरात विचार करून मला हे कधीच जमलं नसतं. एकटेपणी माणूस स्वतःचा खटला स्वतःच चालवतो, आणि निकाल ठरलेलाच असतो.

मात्र कुणापुढे बोलायचं ते जपून ठरव. आईला सांगू नकोस, शेजारी तर मुळीच नको. ऐकणाऱ्याने निवाडा केला की जखम अजून चिघळते. आणि दादाने हात उचलला तर गटाची वाट बघू नकोस. सरळ ११२ला फोन कर, मुलांना घेऊन माझ्याकडे ये. दार कधीही वाजव.

तू म्हणशील, ह्यांनी सोडल्यावर बघू. वहिनी, तसं थांबू नकोस. दादा आज पीत असला तरी तुला येता येतं. त्याला सांगायची, त्याची परवानगी घ्यायची गरज नाही. पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असंही नाही. येत्या गुरुवारी चार वाजता मी स्वारगेटच्या स्टँडवर उभी असेन. मुलांना माझ्या लेकीकडे ठेवू. एवढं एकदा माझं ऐक आणि ये.

तुझी नणंद