एका बिटाला किती ठोके?

ड्रेस्डेन म्हटलं की आज चिपचे कारखाने आठवतात. आपली बरीच मंडळी त्यांच्याच निमित्ताने इथे आली. पण १९८४ मध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात, रोबोट्रॉनने याच गावात एक घरगुती संगणक काढला होता. नाव झेड ९००१, पुढे केसी ८५/१. घरगुती म्हणायचा एवढंच, बहुतेक नग शाळांत आणि संस्थांत गेले. बटणं कॅल्क्युलेटरसारखी, पडदा म्हणजे टीव्ही, मेमरी १६ किलोबाइट, आणि बेसिकसुद्धा कॅसेटवरून नाहीतर वेगळ्या मॉड्यूलमधून घ्यायचं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे (इथे असं म्हणत नाहीत, मी मनात म्हणतो) तो अजून चालतो. त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवायच्या. पाढ्यांचे, अपूर्णांकांचे प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिले होते. बाई गेल्या, चाळीस कॅसेटी राहिल्या. महिनाअखेर आजोबा वृद्धाश्रमात जाणार होते आणि तिथल्या खोलीत या यंत्राला जागा नव्हती.

कॅसेटवरून मेमरीत आलेला प्रोग्रॅम तारेने लॅपटॉपमध्ये न्यायचा, एवढंच काम. मागच्या यूझर पोर्टला पाच व्होल्टवाली यूएसबी-सीरियल तार जोडली आणि १२०० बॉडने सुरुवात केली. आठ बिट, वर एक स्टार्ट, एक स्टॉप, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं. पूर्ण मेमरी बाहेर यायला सव्वादोन मिनिटं! कॅसेट वाचायचा वेळ वेगळाच, आणि नऊ वाजले की आजोबांचे डोळे मिटायला लागत.

आतला यू ८८० म्हणजे झेड ८० चा पूर्व जर्मन अवतार. सेकंदाला सुमारे २५ लाख ठोके. १२०० बॉडला एका बिटाच्या वाट्याला दोन हजारांवर ठोके येतात, ९६०० ला २६०, १९,२०० ला जेमतेम १३०. एकेक सूचना ४ ते २३ ठोके खाते. कॉलेजात ८०८५ च्या किटवर टी-स्टेट मोजताना आम्ही सगळेच कुरकुरायचो, इथे तेच वहीत मांडून बसलो. बिट बाहेर टाकायचा, पुढचा सरकवायचा, उरलेले ठोके नुसतं थांबायचं. शून्य असो वा एक, दोन्ही वाटांना सारखाच वेळ लागला पाहिजे, नाहीतर पलीकडे अक्षरांची खिचडी. कीबोर्डचे आणि घड्याळाचे इंटरप्टही तेवढ्यापुरते बंद. मोजणी चालू असताना कुणी मध्येच हाक मारली की आपलंही चुकतं, तसंच हे.

१९,२०० ला पूर्ण मेमरी साडेआठ सेकंदांत येऊ लागली. ३८,४०० चा मोह झाला होता, पण दिवस कमी होते.

मजकूर लॅपटॉपवर उतरला की आजोबा चष्मा चढवून वाचायचे. एका ओळीपाशी थांबले. मुलाचं उत्तर चुकलं की पडद्यावर यावं म्हणून बाईंनी तिथे लिहिलं होतं, 'घाई करू नकोस.'

"मलाही हेच म्हणायची," म्हणाले, आणि पुढची कॅसेट घातली.

अडतीस निघाल्या. दोघींची फीत चिकटून बसली होती. त्या दोन त्यांनी सामानात बरोबर नेल्या.