पूर्वजांचें ग्रंथालय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं युटा हें संस्थान डोंगर, वाळवंट आणि खाऱ्या पाण्याचें विस्तीर्ण सरोवर यांसाठीं प्रसिद्ध आहे. त्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२०० फूट उंचीवर वसलेली असून तिच्या पूर्वेस वासाच पर्वताची रांग आहे. १८४७ सालच्या जुलै महिन्यांत ब्रिगॅम यंग या पुढाऱ्याबरोबर मॉर्मन पंथाचे लोक बैलगाड्यांचा तांडा घेऊन येथें पोंचले व त्यांनीं या ओसाड भूमीवर शहराची आंखणी केली. ती इतकी ऐसपैस कीं, जुने रस्ते १३२ फूट रुंद आहेत. पुण्याच्या पेठांतील बोळांत वाढलेल्या मनुष्यास हे रस्ते ओलांडतांना आपण एखादें मैदानच ओलांडीत आहों असें वाटतें.

प्रवासी येथें येतात ते बहुधा सरोवर, हिवाळ्यांतील बर्फावरचे खेळ, किंवा सहा शिखरांचें मॉर्मन मंदिर यांच्या ओढीनें. परंतु त्या मंदिराच्या पश्चिमेस, नुसता रस्ता ओलांडला कीं, एक साधी पण भारदस्त इमारत लागते. तिला ना कळस, ना घुमट. तरी दूरदूरच्या देशांतून माणसें मुद्दाम तिच्यासाठीं येतात. कुळांचा शोध घेण्यासाठींच उभारलेलें हें ग्रंथालय आहे. १८९४ सालीं येथील मंडळींनीं वंशावळींचा अभ्यास करणारी एक संस्था काढली. तिच्या वाढत्या संग्रहास १९८५ सालीं ही पांच मजली वास्तु मिळाली. तीन मजले जमिनीवर, दोन जमिनीखालीं. प्रवेशास फी नाहीं, आणि तुमचा धर्म कोणता हेंहि कोणी विचारीत नाहीं. २०२३ पासून तें 'फॅमिलीसर्च ग्रंथालय' या नांवानें ओळखलें जातें.

एका धर्मपंथानें एवढा खटाटोप कां करावा, हा प्रश्न मनांत सहज येतो. मॉर्मन लोकांची अशी श्रद्धा आहे कीं, जो पूर्वज बाप्तिस्मा न घेतां वारला त्याच्या वतीनें वंशजानें तो विधि करावा. मृतात्म्यास तो स्वीकारण्याची वा नाकारण्याची मोकळीक असते. विधीसाठीं पूर्वजाचें नांव हवें, आणि नांवासाठीं दप्तर हवें. आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशीं गोत्र व नांव उच्चारून पिता, पितामह आणि प्रपितामह यांस पिंड देतात. तेव्हां पूर्वजाच्या नांवाची ही गरज आपल्यास अगदींच परकी वाटूं नये. फरक इतकाच कीं, आपण तीन पिढ्यांवर थांबतों, ते थांबत नाहींत. मात्र दुसऱ्यांच्या पूर्वजांसाठीं हा विधि झाला तेव्हां वादहि माजले. नाझींच्या छळांत मारल्या गेलेल्या ज्यूंचीं नांवें त्यांत आल्याचें उघडकीस आल्यावर ज्यू संस्थांनीं तीव्र हरकत घेतली, व १९९५ सालीं तें थांबविण्याचा करार करावा लागला. २००८ सालीं रोमच्या कॅथॉलिक धर्मपीठानेंहि चर्चचीं नोंदपुस्तकें या पंथाच्या स्वाधीन न करण्याची सूचना दिली. मृत मनुष्याच्या नांवावर हक्क कोणाचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

हेतु कांहींहि असो, त्यापासून झालेला लाभ मात्र सर्वांसाठीं खुला आहे. १९३८ सालीं या मंडळींनीं जुन्या कागदांचीं सूक्ष्म छायाचित्रें फितींवर घेण्यास आरंभ केला. चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या, मृत्युपत्रें, जहाजांवरील उतारूंच्या याद्या, शिरगणतीचे तक्ते, जें जें मिळालें तें तें देशोदेशीं जाऊन त्यांनीं टिपलें. भेंडोळ्यांची संख्या चोवीस लाखांच्या घरांत गेली. त्यांच्या मूळ प्रती शहराच्या आग्नेयेस लिटल कॉटनवुड नांवाच्या खिंडींत, डोंगर पोखरून केलेल्या भांडारांत ठेविलेल्या आहेत. डोक्यावर शेंकडों फूट खडक आहे. मंदिराचा दगड ज्या खिंडींतून काढला तीच ही खिंड. तेथें बाहेरच्या मनुष्यास प्रवेश नाहीं, आणि आतां त्याची फारशी आवश्यकताहि राहिली नाहीं. कारण या सर्व फितींचें संगणकीय रूपांतर २०२१ सालीं पुरें झालें, आणि त्यांतील पुष्कळ भाग घरबसल्या, एक पैहि न देतां, पाहतां येतो.

मग ग्रंथालयांत जावयाचें कशाला? कांहीं दप्तरें करारांच्या अटींमुळें ग्रंथालयांतच उघडतात, हें एक कारण. पण खरें कारण निराळें आहे. दप्तर दिसणें आणि दप्तर वाचतां येणें यांत फार अंतर असतें. तें अंतर तोडून देणारीं माणसें येथें बसलेलीं असतात. त्यांतील पुष्कळजण नोकरींतून निवृत्त झालेले, विनावेतन सेवा करणारे. त्यांच्यापैकीं एका वृद्ध बाईंच्या शेजारीं आम्हीं एक सबंध दिवस बसून काढला, आणि त्यांची रीत पाहून घेतली.

त्यांचा पहिला नियम असा कीं, शोध स्वतःपासून आरंभावयाचा आणि एकेक पायरी मागें जावयाचें. एखाद्या थोर पुरुषापासून आरंभ करून खालीं स्वतःपर्यंत उतरूं पाहणारास त्या हंसून थांबवितात. 'प्रथम आईचें नांव सांगा, मग राजाचें पाहूं,' असें त्यांचें म्हणणें. दुसरा नियम, स्पेलिंगचा हट्ट धरूं नये. लिहिणारा कारकून कानानें ऐकून लिहीत असे. यासाठीं अमेरिकेंत उच्चारावरून सांकेतिक अंक देण्याची एक युक्ति आहे. तिला साउंडेक्स म्हणतात आणि तिचें पेटंट १९१८ सालचें आहे. पहिलें अक्षर तसेंच ठेवावयाचें, स्वर गाळावयाचे, आणि उरलेल्या व्यंजनांस गटवार अंक द्यावयाचे. म्हणजे 'जोशी' हें नांव रोमन लिपींत शेवटीं एक 'आय' घालून लिहा कीं दोन 'ई' घालून, अंक एकच येतो. पण 'कुलकर्णी' एकानें 'के'नें आणि दुसऱ्यानें 'सी'नें लिहिलें कीं पहिलें अक्षर फिरतें, व दोघे सख्खे भाऊ निरनिराळ्या खणांत जाऊन पडतात. म्हणून यंत्राच्या भरवशावर कोणीं निजूं नये. तिसरा नियम हा कीं, सूची म्हणजे दप्तर नव्हे. सूचींत नांव सांपडलें तरी मूळ पान उघडावें, आणि वरचीं दहा व खालचीं दहा घरें वाचावीं. कारण आप्तेष्ट बहुधा शेजारींच राहतात.

त्या दिवशीं दुपारीं एक कृष्णवर्णी बाई आल्या. शिक्षिकेच्या नोकरींतून निवृत्त झालेल्या, मिसिसिपीच्या बाजूच्या. त्यांनीं स्वतःच मागें जात जात १८७० पर्यंतची वाट काढली होती. पुढें रस्ता खुंटला होता. तो खुंटणारच होता. अमेरिकेंत १७९० पासून दर दहा वर्षांनीं शिरगणती होते, आणि १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र मनुष्याचें नांव तींत येऊं लागलें. परंतु १८५० व १८६० या सालीं गुलामांसाठीं वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचें नांव, आणि त्याखालीं वय, लिंग व वर्ण एवढेंच. गुलामाचें नांव क्वचितच. गुलामगिरी १८६५ त नष्ट झाली, आणि १८७० च्या शिरगणतींत हे लक्षावधि लोक प्रथमच नांवानिशीं अवतरले. त्यापूर्वींच्या काळाकडे जाऊं पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेंत ही भिंत उभी असते.

मदतनीस बाईंनीं भिंतीवर डोकें आपटलें नाहीं. त्यांनीं बाजूची वाट धरली. मुक्त झालेल्या लोकांसाठीं १८६५ सालीं एक बचतपेढी निघाली होती. ती १८७४ त बुडाली व गरिबांचे पैसे त्यांत गेले. पण खातें उघडतांना भरून घेतलेले अर्ज राहिले. अक्षर न येणाऱ्या खातेदाराची ओळख पटावी म्हणून पेढी त्याचा जन्म कोठें झाला, आईबाप कोण, भावंडें कोण, हें विचारून घेई. पैसे बुडाले आणि नांवें तरलीं! या अर्जांची सूची तयार करण्याचें काम युटा येथील तुरुंगांतील साडेपांचशेंहून अधिक कैद्यांनीं सुमारें अकरा वर्षें बसून केलें, आणि २००१ सालीं ती प्रसिद्ध झाली. बंदिवासांतील लोकांनीं एके काळच्या बंदिवानांचीं कुळें जुळवावीं, हा योग मोठा विलक्षण खरा.

व्हिक्सबर्ग शाखेच्या अर्जांत एक नांव सांपडलें. वय जुळलें, बायकोचें नांव जुळलें, दोन मुलांचीं जुळलीं. बापाच्या रकान्यांत कांहींच नव्हतें. आईच्या रकान्यांत एकच शब्द होता, तिचें नांव; आडनांव नाहीं. भावाच्या नांवापुढें, तो विकला गेला, एवढेंच लिहिलेलें. मदतनीस बाई बोलल्या, 'हा तोच मनुष्य आहे असें मी अद्याप म्हणणार नाहीं. १८७० च्या पानावरील शेजाऱ्यांपैकीं कोणी या अर्जांत आहे काय, तें पाहूं.' तासाभरानें तसा एक शेजारी निघाला, तेव्हां कोठें त्यांनीं मान डोलविली. पाहुण्या बाईंनीं वहींत तें एक नांव लिहिलें आणि त्याखालीं रेघ ओढली. त्या रडल्या नाहींत. 'आतां हिला हांक मारतां येईल,' इतकेंच म्हणाल्या.

हें ऐकून आमचें मन साहजिकच घराकडे वळलें. आपल्या शिकल्यासवरल्या घरांत बहुधा कुलवृत्तान्ताचें पुस्तक असतें. त्यांत कोंकणांतील मूळ गांव, कुलदैवत, गोत्र आणि दहा-दहा पिढ्या छापलेल्या असतात. त्याचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. पण तेंच पुस्तक स्त्रीचा शोध घेण्याच्या हेतूनें उघडून पाहावें. पणजीचें सासरचें नांव असतें; माहेरच्या आडनांवाचा क्वचित् उल्लेख असतो; पण जन्मतः ठेविलेलें नांव, जें लग्नांत तांदुळावर दुसरें नांव लिहून बदललें गेलें, तें बहुधा नसतेंच. लेकी तर 'कन्या दोन' एवढ्यांतच आटोपतात. त्या शिक्षिकेच्या कुळावर जो अन्याय झाला त्याच्याशीं याची तुलना करणें योग्य होणार नाहीं. तरी ज्या घरांत पुरुषांच्या दहा पिढ्या लिहिण्यास कागद पुरला, तेथें बायकांपुरता तो कां संपला, हें विचारण्याचा अधिकार आपल्या लेकीसुनांस आहे.

आपल्याकडे साधनें मुळींच नाहींत असेंहि नाहीं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं छायाचित्रें याच युटाच्या संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत घेण्यास सुरुवात केली, आणि आज तीं तिच्या संग्रहांत आहेत. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांचे यजमान आपल्या हातानें नांवगांव लिहून गेले आहेत. त्यांतील जुन्या नोंदी मोडींत असतात, आणि ती लिपि वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. शिरगणतीचा उपयोग मात्र आपल्यास नाहीं. अमेरिकेंत ७२ वर्षें लोटलीं कीं घरोघरचे तक्ते खुले होतात, १९५० चे तक्ते २०२२ सालीं खुले झाले. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणें घरोघरच्या नोंदी कोणासहि पाहावयास मिळत नाहींत. म्हणून जें लिहावयाचें तें आपलें आपणच लिहिलें पाहिजे.

त्यासाठीं सॉल्ट लेक सिटीस जाण्याचें कारण नाहीं. मदतनीस बाईंचा पहिला नियम घरींहि चालतो: स्वतःपासून आरंभ करावा, आणि प्रथम आईचें नांव लिहावें, दोन्ही नांवें लिहावीं. मग तिच्या आईचीं. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर पेन्सिलीनें कोण कोण उभें आहे तें लिहून ठेवावें. हीं नांवें सांगणारी एखादी आजी अजून घरांत असेल, तर तिच्यापाशीं वही घेऊन बसण्यास पुढचा सण येईपर्यंतहि थांबूं नये.